चाचण्या होऊनही औषधांचे दुष्परिणाम उशिरा का कळतात?

प्रश्न असा आहे: औषध बाजारात येण्याआधी आधी प्राण्यांवर, मग माणसांवर वर्षानुवर्षं चाचण्या होतात. तरीही काही दुष्परिणाम पाच-दहा वर्षांनी कसे काय उघडकीला येतात? चाचण्यांत लपवाछपवी होते का? आणि एखादा त्रास त्या गोळीमुळेच झाला हे नक्की कसं ठरवतात?

मी वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते आणि आमच्या दुष्परिणाम नोंदणी केंद्राचं काम बघते, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या कामातला आहे. लपवाछपवी झाल्याची उदाहरणं जगात आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण उशीर होण्याची दोन कारणं त्याहून कितीतरी जास्त वेळा आढळतात. पहिलं साध्या गणिताचं. दुसरं असं की काही दुष्परिणाम नेहमीच्या आजारासारखेच दिसतात, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशयच जात नाही. माझ्या मते दुसरं कारण जास्त अवघड आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

आधी गणित. नवं औषध मंजूर होईपर्यंत साधारण काही हजार लोकांनी घेतलेलं असतं. समजा 3000 जणांना दिलं आणि एकालाही यकृताचा त्रास झाला नाही. यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की त्या त्रासाचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा जास्त नसावं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास किमान एकदा तरी दिसेल अशी 95 टक्के खात्री हवी असेल, तर 30,000 माणसं लागतात. आणि चाचणीतली माणसं निवडक असतात. गरोदर बायका नसतात, किडनी अधू झालेले नसतात, रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखी मिळून सहा गोळ्या घेणारे सत्तरीतले आजोबा नसतात. औषध दुकानात आलं की पहिल्या महिन्यापासून तेच ते घ्यायला लागतात.

हे गणित किती नेमकं लागू पडतं ते बाळांना तीव्र जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या पहिल्या लशीवरून दिसतं. रोटाशील्ड नावाची ही लस अमेरिकेत ऑगस्ट 1998 मध्ये मंजूर झाली. मंजुरीआधीच्या चाचण्यांत सुमारे दहा हजार बाळांना ती दिली होती आणि त्यातल्या पाच बाळांमध्ये आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकला होता. असं लस न घेतलेल्या बाळांतही क्वचित होतं, आणि पाच हा आकडा इतका लहान की तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना. लस वापरात आल्यावर वर्षभराच्या आत तिथल्या लस-नोंदणी यंत्रणेकडे अशीच 15 बाळं नोंदली गेली. जुलै 1999 मध्ये लस थांबवली, ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून काढून घेतली. पुढच्या तपासात प्रमाण साधारण दहा हजारांत एक निघालं. म्हणूनच नंतरच्या दोन रोटाव्हायरस लशींच्या मुख्य चाचण्यांत प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळं घेतली गेली. लस काम करते का हे बघायला एवढी बाळं लागत नाहीत. हा आकडा त्या एका दुष्परिणामावर नजर ठेवण्यासाठी काढलेला होता.

आता संशय कसा येतो ते. जो त्रास दुर्मीळ आहे पण दिसायला भयंकर आहे, तो पकडणं त्यातल्या त्यात सोपं. थॅलिडोमाइडचं हेच झालं. जर्मनीत 1957 मध्ये विक्रीला आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं जायचं. हात-पाय जवळजवळ नसलेली बाळं एरवी एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात क्वचित दिसायची. ती एकामागून एक जन्मायला लागली तेव्हा जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी 1961 मध्ये स्वतंत्रपणे औषधाकडे बोट दाखवलं. तरीही तोवर सुमारे दहा हजार बाळांना इजा झाली होती. ब्रिटनने 1964 मध्ये डॉक्टरांसाठी पिवळं कार्ड सुरू केलं ते याच धक्क्यातून. संशय आला की कार्ड भरा आणि पाठवा, पुरावा तुमच्याकडे असायलाच हवा असं नाही, हे त्यामागचं तत्त्व. जगभरच्या नोंदणी यंत्रणा आजही त्याच तत्त्वावर चालतात.

संशय आल्यावर कोणत्या औषधावर घ्यायचा, हे मात्र वाटतं तितकं सरळ नसतं. आमच्या वॉर्डात नेहमी दिसणारं चित्र सांगते. रुग्णाला ताप आहे, अंगभर लाल पुरळ, चेहरा सुजलेला, मानेत गाठी. सोबतचे सांगतात, ताप आला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, त्याची रिॲक्शन आली. निवासी डॉक्टर विचारते, "काकू, अजून कुठली गोळी चालू आहे का?" "नाही हो डॉक्टर, दुसरं काही नाही." "रोजची कुठली?" "रोजची ती फिटची आहे, ती काय, चालूच असते." मग पिशवीतून चिठ्ठी निघते आणि कळतं की 'चालूच असते' ती फेनिटोइनची गोळी सुरू होऊन जेमतेम तीन-चार आठवडे झालेत. आम्ही कागदावर तारखांची आडवी रेघ मारतो. फेनिटोइन सुरू, मग ताप, मग अँटिबायोटिक, मग पुरळ. ताप अँटिबायोटिकच्या आधी आलेला आहे. म्हणजे अँटिबायोटिक ज्या तापासाठी दिलं तो ताप हीच रिॲक्शनची सुरुवात होती. फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांसारख्या गोळ्यांची ही प्रतिक्रिया साधारण दोन ते आठ आठवड्यांनी उमटते, त्यात रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढतात, यकृताला सूज येते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ड्रेस (DRESS) म्हणतात. शेवटी घेतलेल्या औषधावर आळ घालून खरं औषध चालू ठेवलं, तर रुग्णाच्या जिवावर बेततं.

ही तारखांची रेघ म्हणजे आमच्या कामाचा कणा आहे. त्यानंतरचे प्रश्न ठरलेले आहेत. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का? दुसऱ्या एखाद्या आजाराने हेच होऊ शकतं का, म्हणजे डेंगी, गोवर, हिपॅटायटिस तपासलं का? या औषधाबद्दल असं आधी नोंदलं गेलंय का? चुकून पुन्हा दिलं गेलं तेव्हा पुन्हा झालं का? हा शेवटचा पुरावा सगळ्यांत भक्कम, पण ड्रेससारख्या गंभीर प्रतिक्रियेत तो मुद्दाम मिळवायचा नसतो, कारण दुसऱ्या वेळी माणूस दगावू शकतो. या उत्तरांवरून संबंध निश्चित, बहुधा, शक्य की असंभवनीय, अशी वर्गवारी करतात. 1981 मध्ये आलेली नारान्जो यांची दहा प्रश्नांची गुणपद्धतही सर्रास वापरतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की गुण नंतर मोजा, आधी तारखा नीट विचारा, आणि 'अजून काही घेता का' हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारा. डोळ्यांत घालायचे थेंब, संततिनियमनाच्या गोळ्या, वैद्यांचा काढा, शेजारणीने दिलेली दुखण्यावरची गोळी, यातलं काहीही बहुतेकांच्या लेखी 'औषध' नसतं.

या सगळ्यात आणखी एक शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते. दोष औषधाचा नसून त्या बाटलीचा असू शकतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 च्या सुरुवातीला ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण किडन्या निकामी होऊन गेले. ग्लिसरॉलचा तसा दुष्परिणाम नाही. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांत, एकाच प्रकारचा त्रास दिसला की बॅच नंबर बघायचा, हे आमच्याकडे तेव्हापासून अंगवळणी पडायला हवं होतं.

आता तो अवघड भाग, ओळखू न येणाऱ्या दुष्परिणामांचा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक मोठा गट आहे, ज्यांची नावं 'प्रिल'ने संपतात: कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, रामिप्रिल. कॅप्टोप्रिल अमेरिकेत 1981 मध्ये मंजूर झालं. या गोळ्यांनी कोरडा, घशात खवखवणारा, रात्री जास्त छळणारा खोकला येतो. आज आपण त्याचं प्रमाण 5 ते 20 टक्के मानतो. म्हणजे वीस माणसांत एकाला तरी होणारा हा त्रास आहे, दुर्मीळ मुळीच नाही! तरी तो या गोळीचा आहे हे ध्यानात यायला काही वर्षं गेली. कारण खोकला कुणालाही येतो. रुग्ण रक्तदाबाच्या डॉक्टरांना खोकल्याबद्दल सांगत नाही. खोकल्यासाठी तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, तिथे छातीचा एक्स-रे निघतो, कफ सिरप मिळतं, दमा असेल म्हणून पंप मिळतो, आणि रक्तदाबाची गोळी तशीच चालू राहते. चाचण्यांत 'खोकला आला का' असं मुद्दाम विचारलेलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीच्या नोंदींत तो अगदी थोडक्या जणांना दिसतो. विचारायला लागल्यावर आकडा वाढत गेला. पुढे कारणही कळलं. ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते तेच ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचाही निचरा करतं. ते साठलं की श्वासनलिकेतल्या नसा चाळवतात. गोळी बदलली की बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो. हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे कारण आजही महाराष्ट्रात कुठल्याही ओपीडीत महिनोन्महिने सिरप पिऊन थकलेला, रामिप्रिल घेणारा माणूस सापडेल.

खोकला निदान त्या एका माणसापुरता तरी पकडता येतो. गोळी थांबवली, खोकला गेला. पण दुष्परिणाम हार्ट अटॅक असेल तर? साठीतल्या माणसाला हार्ट अटॅक आला तर कोण म्हणणार की तो गुडघेदुखीच्या गोळीने आला? रोफेकॉक्सिबची गोष्ट हीच. 1999 मध्ये आलेलं हे दुखण्यावरचं औषध पोटाला कमी त्रास देतं म्हणून जगभर खपलं. 2000 मध्ये सुमारे 8000 संधिवाताच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांच्या तुलनेत रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त आले. त्याचा अर्थ काहींनी असा लावला की नॅप्रोक्सेन हृदयाचं रक्षण करत असणार. औषध चालू राहिलं. मग आतड्यातल्या गाठी रोखता येतात का हे बघायला 2500 हून जास्त लोकांवर वेगळीच एक चाचणी झाली. तिच्यात तुलना होती ती बिनऔषधी गोळीशी, म्हणजे 'समोरचं औषध रक्षण करतं' ही पळवाट उरली नव्हती. अठरा महिन्यांनंतर दोन गटांच्या रेषा वेगळ्या व्हायला लागल्या. रोफेकॉक्सिबच्या गटात हार्ट अटॅक आणि पक्षाघात जवळजवळ दुप्पट होते. 30 सप्टेंबर 2004 रोजी कंपनीने औषध मागे घेतलं. भारतानेही त्याच वर्षी त्यावर बंदी घातली.

या प्रकरणात खाटेपाशी उभा असलेला कितीही हुशार डॉक्टर काही करू शकला नसता. अशा दुष्परिणामाला चेहरा नसतो, तो फक्त दोन गटांतल्या फरकात दिसतो. म्हणून नेहमीचा आजार वाढवणारे दुष्परिणाम शोधायला तुलनेचा गट असलेल्या मोठ्या आणि लांब चाचण्या लागतात, किंवा डेन्मार्क, ब्रिटनसारख्या देशांत लाखो लोकांच्या औषधांच्या आणि आजारांच्या एकत्र जोडलेल्या नोंदी असतात, त्या लागतात. आपल्याकडे अशा जोडलेल्या नोंदी फारच तोकड्या आहेत. मला ही आपली सगळ्यांत मोठी उणीव वाटते.

तुलना करायला दर वेळी हजारो माणसं लागतातच असंही नाही, प्रश्न अचूक असला तर मूठभरही पुरतात. बॉस्टनमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी ऐन तारुण्यातल्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग दिसायला लागला. आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी अशा 8 मुली घेतल्या आणि प्रत्येकीसाठी त्याच सुमारास जन्मलेल्या 4 निरोगी मुली, म्हणजे 32. सगळ्यांच्या आयांना गरोदरपणाबद्दल विचारलं. 8 पैकी 7 जणींच्या आयांनी गर्भपात टळावा म्हणून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक घेतलं होतं. 32 जणींच्या आयांपैकी एकीनेही नाही. हे 1971 मध्ये प्रसिद्ध झालं. औषध आईने घेतलं, आजार मुलीला झाला, आणि मध्ये पंधरा ते बावीस वर्षं गेली. मंजुरीपूर्वीची कुठलीही चाचणी एवढं लांबचं बघू शकत नाही.

भारतात दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करण्याचं काम फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया हा कार्यक्रम करतो. 2010 मध्ये दिल्लीच्या एम्समधून तो सुरू झाला आणि 2011 पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतली आमच्यासारखी केंद्रं नोंदी पाठवतात, त्या पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जमा होतात. तिथे आता कोट्यवधी नोंदी आहेत. एवढ्या ढिगातून संकेत काढायची युक्ती अशी: समजा सगळ्या औषधांच्या मिळून नोंदींत यकृताच्या तक्रारी शंभरात दोन आहेत आणि एका औषधाच्या नोंदींत त्या शंभरात दहा आहेत, तर त्या औषधाकडे नीट बघायचं. पण यातून प्रमाण कळत नाही. किती जणांनी औषध घेतलं हे या साठ्याला माहीतच नसतं, आणि बहुतेक त्रास तर नोंदलेच जात नाहीत. 2006 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा न नोंदल्या जाणाऱ्या दुष्परिणामांचं मध्यक प्रमाण (निम्म्या अभ्यासांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) 94 टक्के निघालं होतं.

तरी संकेत मिळतात. मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे पाळीच्या दुखण्यासाठी आपल्याकडे घरोघरी असलेली गोळी, साठच्या दशकापासून वापरात आहे. 2023 च्या अखेरीस भारतीय नोंदींच्या विश्लेषणातूनच तिच्याबद्दल इशारा निघाला, की तिने क्वचित ड्रेस होऊ शकतो. गोळी कुणी फेकून द्यावी असा त्याचा अर्थ नव्हता. घेतल्यानंतर ताप, पुरळ, सूज आली तर डॉक्टरांना ही गोळी घेतल्याचं सांगा, एवढा तो अर्थ होता. त्या दिवसांत बाजूने आणि विरोधात जे संदेश फिरले त्यात नेमकं हेच हरवलं.

वनौषधींबद्दलही विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल नियमित घेणाऱ्या 6 रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप रास्त प्रकारचा होता, त्याचं उत्तर माहिती गोळा करूनच देता येतं. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात बऱ्याच जणांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या आजाराच्या खुणा होत्या. म्हणजे मूळ कल असलेल्यांमध्ये गुळवेल तो आजार उघडा करत असावी असं दिसतं. 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक' हे मत मी कधीच मान्य करणार नाही. ज्या द्रव्याचा शरीरावर परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

पाकिटातल्या कागदावरच्या लांबलचक यादीने घाबरून जाणाऱ्यांसाठी दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने, अंग दुखतं म्हणून ती सोडून दिलेल्या 60 जणांवर ब्रिटनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षभर प्रत्येकाने काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं घेतलं आणि रोज त्रासाला शंभरपैकी गुण दिले. काहीच न घेतलेल्या महिन्यांत सरासरी 8, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3 आणि बिनऔषधी गोळीच्या महिन्यांत 15.4. त्रास खरा होता, पण त्यातला 90 टक्के भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता, गोळी घेत असल्याच्या जाणिवेचा होता. यादीत नाव आहे म्हणून प्रत्येक गोष्ट औषधाने होते असं नसतं, चाचणीत जे जे दिसलं त्यातलं बरंच काही त्या यादीत येतं. मात्र यावरून 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून रुग्णाला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही. आधी ऐकायचं, तारखा विचारायच्या, मग ठरवायचं.

तुम्हाला स्वतःला संशय आला तर काय करायचं? श्वास अडकणं, ओठ-जीभ सुजणं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येणं, कातडी सोलवटणं, डोळे पिवळे होणं, यांपैकी काही झालं तर नोंदीचं नंतर बघा, आधी दवाखाना गाठा. रक्तदाबाची, फिटची, मधुमेहाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नोंद करायला डॉक्टरच हवा असं नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे, रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी विभागात गेलात तरी चालतं. अर्जात रुग्णाचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवल्यावर काय झालं आणि सोबत आणखी काय काय चालू होतं, एवढं लिहा. गोळ्यांची पट्टी संपली म्हणून टाकून देऊ नका, कारण बॅच नंबर तिच्यावरच असतो, आणि गोळ्या काढताना बहुतेक जण नेमकी तीच कड आधी फाडतात.